अब्बांचे ग्राफ आणि घरचा सर्व्हर

मे २०२४ मधली दुपार. सोलापूरच्या उन्हाबद्दल सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. वीज गेली, अर्ध्या तासाने आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. टेबलावर लॅपटॉपला जोडलेली एक हार्ड डिस्क होती, तळहाताएवढी. तिच्यातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. मी वायर काढली, पुन्हा लावली. आवाज तसाच. लॅपटॉपवर डिस्क दिसेना. संध्याकाळी दुकानदाराने कानाला लावून ऐकली आणि एवढेच विचारले, “बाजी, यातलं दुसरीकडे कुठे ठेवलंय का?”

ठेवले नव्हते. मोबाइल भरला की फोटो त्या डिस्कवर टाकायचे आणि मोबाइलमधले पुसायचे, अशी आमच्या घरची दहा वर्षांची रीत होती. अम्मी-अब्बांच्या हजचे फोटो, धाकट्या बहिणीच्या निकाहची चित्रफीत, मुलांची शाळेतली पहिली स्नेहसंमेलने, सगळे त्यात. आणि अब्बांचे एक चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण. इंतकालाच्या आदल्या वर्षी माझ्या भाच्याने त्यांना बोलते केले होते. चादरीवरचा मोर कागदावर कसा उतरवायचा आणि कागदावरून मागावर कसा न्यायचा, हे त्यात ते सांगत होते.

डिस्क दुरुस्तीसाठी बाहेरगावी पाठवली. काही फोटो परत मिळाले. ध्वनिमुद्रण मिळाले नाही. भाच्याने तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर मावशांना पाठवलेला सहा मिनिटांचा तुकडा तेवढा एका जुन्या फोनमध्ये सापडला. चौतीस मिनिटे गेली ती गेलीच.

त्यानंतर आम्ही सुटे भाग आणून घरी एक छोटा सर्व्हर जोडला. गेले दीड वर्ष तो चालू आहे. तो कसा जोडला, काय चुकले, आणि खरा धडा कुठला मिळाला, हे वाचक भगिनींना आणि बंधूंना सांगावे म्हणून हा लेख. मी काही इंजिनियर नाही. भाचा डिप्लोमाला आहे, त्याचा हात होता. पण पेचकस मीही चालवला.

अब्बा काय करत होते

अब्बा चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे काम करत. ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर विणली जाते. आधी चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, रंग भरून नक्षी काढतात. प्रत्येक चौकोन म्हणजे धाग्याची एक जागा. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. अशा शेकडो पट्ट्या दोरीने ओवून मागावर चढवल्या की माग आपोआप मोर विणत जातो. फ्रान्समधल्या जकार्ड नावाच्या कारागिराने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. पुढे १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत माणसांची माहिती मोजायला अशीच भोकांची कार्डे वापरली गेली आणि तिथून ती संगणकापर्यंत पोचली. म्हणजे आज आपण जिला ‘डेटा’ म्हणतो ती गोष्ट आमच्या गल्लीतल्या कारखान्यांत खुंटीला टांगलेली असायची.

अब्बांची एक सवय होती. कार्डे कारखान्यात, पण मूळ ग्राफ घरी, लोखंडी पेटीत. कारखान्यात कार्ड फाटले, उंदराने कुरतडले, पावसात भिजले, तर घरच्या ग्राफवरून नवे पाडता येते. आणि घरी ग्राफला काही झाले तर कारखान्यातल्या कार्डांवरून नक्षी पुन्हा उतरवता येते. दोन जागा, दोन रूपे. अब्बांना संगणक येत नव्हता, पण नक्कल कशी सांभाळायची हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. आम्ही मात्र त्यांचाच आवाज एका डिस्कवर ठेवून निश्चिंत होतो.

‘क्लाउड’ पुरेसे नाही का?

हा प्रश्न भाभीने पहिल्याच दिवशी विचारला. प्रश्न रास्त आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर, इंटरनेटवरून, आपली वस्तू ठेवणे. आधार, गुणपत्रिका, वाहन परवाना असे सरकारी कागद डिजिलॉकरमध्ये ठेवणे उत्तमच. पण फोटो आणि चित्रफितींचे पसारे मोठे असतात. गूगल फोटोजमध्ये पूर्वी विशिष्ट दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून ते १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले. त्यापुढे दरमहा किंवा दरवर्षी पैसे. पैसे भरणारा माणूस उद्या नसला, किंवा खात्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसला, तर घराच्या आठवणींना कुलूप लागते. शिवाय घरातल्या बायकामुलींचे फोटो आपल्या छताखाली असावेत, असे अम्मीला वाटत होते. हा तिचा विचार मला पटला.

मी क्लाउडच्या विरोधात नाही. तीही एक जागा आहे. मात्र तीच एकमेव जागा असू नये.

हा सर्व्हर म्हणजे काय?

याला ‘नॅस’ म्हणतात. घरच्या राउटरला जोडलेले, डिस्क भरलेले, कायम चालू असणारे कपाट असे समजा. त्याला पडदा लागत नाही, रोजचा कीबोर्ड लागत नाही. घरातला कोणताही मोबाइल किंवा लॅपटॉप वायफायवरून त्यात वस्तू ठेवतो आणि काढतो. बाजारात तयार पेट्याही मिळतात. त्या आटोपशीर असतात, जोडायला सोप्या असतात, आणि ज्यांना पेचकस हाती धरायचा नाही त्यांनी जरूर तयार पेटी घ्यावी. आम्ही सुटे भाग निवडले, कारण एखादा भाग बिघडला तर तेवढाच नवी पेठेतून आणून बदलता येतो, आणि काही भाग जुने चालतात. तिसरे कारण असे की घरातल्या मुलांना पेटीच्या आत काय असते ते कळते.

भाग एकेक करून

*मदरबोर्ड आणि प्रोसेसर.* नॅसला वेगवान प्रोसेसर लागत नाही. भाच्याच्या मित्राने नवा संगणक घेतला, त्याचा जुना मदरबोर्ड, आय-थ्री प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम आम्ही घेतली. इथे एकच गोष्ट मोजायची, ती म्हणजे डिस्क जोडायचे सॅटा पोर्ट किती आहेत. छोट्या स्वस्त बोर्डांवर कधी एखादाच असतो. आम्हाला चार मिळाले: दोन मोठ्या डिस्कना, एक छोट्या डिस्कला, एक पुढच्यासाठी शिल्लक. कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड संगणक स्वस्त मिळतात, पण त्यांपैकी बऱ्याच पेट्यांत दुसऱ्या मोठ्या डिस्कला जागा नसते आणि वीजपुरवठ्याचा भागही वेगळ्या मापाचा असतो. उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

*कॅबिनेट.* जुने, मोठे, पुढून हवा घेणारे. समोर एक पंखा डिस्कवर वारा घालील असा, मागे एक गरम हवा बाहेर टाकणारा. देखण्या काचेच्या कॅबिनेटचा इथे उपयोग नाही.

*एसएमपीएस.* विजेचा हा डबा. जुना भाग चालतो म्हणाले तरी हा नवा आणि चांगल्या कंपनीचाच घ्यावा. तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत दोन्ही डिस्क नेऊ शकतो. ४५० वॅटचा आमच्या गरजेहून अधिकच आहे.

*छोटी एसएसडी.* सर्व्हरची प्रणाली हिच्यावर बसते. १२८ जीबी पुरते. आठवणी हिच्यावर ठेवायच्या नाहीत.

*मोठ्या डिस्क.* निम्म्याहून अधिक खर्च इथेच होतो आणि तो इथेच करावा. आम्ही ४ टीबीच्या दोन घेतल्या. संगणकावर त्या ३.६ दिसतात, फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे. एका फोटोला सरासरी ४ एमबी धरले तर एका टीबीत अडीच लाख फोटो मावतात, त्यामुळे घराला ही जागा बरीच वर्षे पुरेल. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात मोठ्या थाळ्यांएवढ्या ५० चकत्या होत्या, यंत्र कपाटाहून मोठे होते, आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. म्हणजे आजच्या मोबाइलचा एखादा फोटो.

डिस्क घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, डिस्क ‘सीएमआर’ आहे की ‘एसएमआर’. एसएमआर प्रकारात माहितीच्या रेषा छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण पुन्हा लिहिताना शेजारची कौलेही हलवावी लागतात आणि वेळ फार लागतो. नॅससाठी सीएमआर घ्या. दुकानदाराला सांगता आले नाही तर मॉडेल क्रमांक लिहून आणा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा. दुसरी, दोन्ही डिस्क एकाच खोक्यातल्या, लागोपाठच्या क्रमांकाच्या नसाव्यात. एकाच घाणीतल्या जुळ्या बहिणी एकदमच आजारी पडू शकतात. आम्ही एक सोलापुरात घेतली, एक भाईजानने पुण्याहून आणली.

*केबल आणि राउटर.* राउटरपासून सर्व्हरपर्यंत वायरच हवी, कॅट-५ई किंवा कॅट-६. राउटरचा पोर्ट ‘गिगाबिट’ आहे का ते पाहा. असेल तर सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात आणि एक टीबी अडीच तासांत उतरतो. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतात, त्यावर हेच काम करायला दिवस-रात्र लागते. आमचे नेमके तसेच झाले. दोन दिवस डिस्कला दोष देत बसलो, दोष राउटरचा होता.

किमती मुद्दाम देत नाही. डिस्क आणि रॅमचे भाव महिन्यागणिक हलतात. २०११ मध्ये थायलंडात पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्क महागल्या. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत इथले भावही बदललेले असतील. तीन दुकानांत विचारा आणि डिस्कची वॉरंटी तिच्या क्रमांकावरून तपासून घ्या.

जोडणी

जोडायला एक रविवार लागला. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवायच्या, कारण सैल डिस्क थरथरते. आणि जुन्या घरात राहत असाल तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आमच्या पाठीमागच्या खोलीतल्या थ्री-पिन सॉकेटला तिसरे भोक होते, त्यामागे वायरच नव्हती.

प्रणाली म्हणून आम्ही ट्रूनॅस घेतली. ती मोफत आहे. २००५ मध्ये फ्रीनॅस या नावाने सुरू झालेल्या कामातून ती वाढली. तिला किमान ८ जीबी रॅम लागते. त्याहून हलकी हवी असेल तर ओपनमीडियावॉल्ट आहे, तीही मोफत. पेन ड्राइव्हवरून ती एसएसडीवर बसवायची, मग पडदा आणि कीबोर्ड काढून टाकायचा. पुढचे सगळे लॅपटॉपच्या ब्राउझरमधून होते.

काही भरण्याआधी दोन्ही डिस्कची रात्रभराची लांब चाचणी घेतली. हिला ‘स्मार्ट’ चाचणी म्हणतात. ती दर महिन्याला आपोआप होईल असे ठेवले आहे. पण तिच्यावर विसंबू नये. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी पुष्कळांनी आधी कसलाच इशारा दिला नव्हता, असे त्यात दिसले.

मग दोन्ही डिस्कचा ‘मिरर’ केला. एकीवर जे लिहिले जाते ते त्याच क्षणी दुसरीवरही. एक गेली तरी दुसरी काम चालू ठेवते, आपण नवी बसवतो, ती भरून निघते. अनेक साध्या डिस्क एकत्र जोडून भरवशाची साठवण करायची ही कल्पना अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी १९८८ मध्ये ‘रेड’ या नावाने मांडली होती.

फोटोंसाठी इमिच नावाचे मोफत अ‍ॅप त्यावर बसवले. घरच्या वायफायमध्ये मोबाइल आला की नवे फोटो आपोआप सर्व्हरवर जातात. प्रत्येकाचे खाते वेगळे. मुलीचे फोटो भावाला दिसत नाहीत, तिने दाखवले तरच दिसतात.

ऊन आणि वीज

आपल्या गावात या यंत्राचे दोन वैरी आहेत. पहिले ऊन. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर सर्व्हर ठेवणे म्हणजे डिस्क भाजणे. आमचा खालच्या मजल्यावर, दगडी भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर आहे. डिस्कचे तापमान ४५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. उन्हाळ्यात ते त्याच्या वर जाऊ लागले की दुपारी दोन तास सर्व्हर बंद. पंख्याच्या जाळीवरची धूळ दर महिन्याला झटकावी लागते. यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्यांनी दर पंधरा दिवसांनी, कारण सुताचा भुगा जाळीवर गोधडीसारखा बसतो.

दुसरी वीज. लिहिता-लिहिता वीज गेली तर अर्धवट नोंद राहते. म्हणून यूपीएस लागतोच, आणि तो यूएसबी वायरने सर्व्हरशी बोलणारा हवा. वीज गेली की तो सर्व्हरला कळवतो आणि पाच मिनिटांत सर्व्हर आपला आपण शिस्तीत बंद होतो. घरचा इन्व्हर्टर आहेच, मग वेगळा कशाला, असे वाटेल. पण साधा इन्व्हर्टर वीज पलटायला जो क्षणभर वेळ घेतो तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च धरून चाला.

विजेच्या बिलाची भीती अम्मीला होती. आमचा सर्व्हर ३० वॅटच्या आसपास घेतो. ३० गुणिले २४, म्हणजे दिवसाला पाऊण युनिटाहून थोडे कमी, महिन्याला सुमारे २२ युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा.

जिथे पुन्हा चुकले

सर्व्हर लागून दोन महिने झाले होते. घरात सगळे खूश. एका रात्री मी लॅपटॉपवरून जुने फोल्डर आवरत होते. ‘निकाह’ नावाचे दोन फोल्डर दिसले. एक जास्तीचे समजून पुसले. सकाळी कळले की तेच खरे होते, दुसरे रिकामे होते. आणि मिररने आपले काम चोख केले होते: मी एका डिस्कवरून पुसले, त्याने त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरूनही पुसले.

दोन डिस्क म्हणजे दोन नकला, असे मी समजत होते. तसे नव्हते. मिरर डिस्क बिघडण्यापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून, चोरीपासून, आगीपासून, विजेच्या लोळापासून वाचवत नाही, कारण दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच वायरवर असतात. सुदैवाने त्या चित्रफितीची प्रत बहिणीकडे होती. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या.

पहिली, ट्रूनॅसमधली ‘स्नॅपशॉट’ची सोय चालू केली. रोज रात्री त्या दिवशीची स्थिती नोंदवून ठेवली जाते, आणि काल पुसलेले आज परत आणता येते. आधीच करायला हवे होते.

दुसरी, अब्बांची सवय परत आणली. दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. सर्व्हरवरचे सगळे त्यांच्यावर सांकेतिक कुलूप लावून उतरवतो. एक सोलापुरात कपाटात, एक भाईजानच्या पुण्याच्या घरी. तो ईदला, दिवाळीच्या सुट्टीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो तेव्हा आपली आणतो, इथली नेतो. जाणकार याला ३-२-१ चा नियम म्हणतात: तीन नकला, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

घराबाहेर कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी घरातल्या मोठ्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विचारावी. किल्लारीच्या भूकंपाने सोलापुरातही लोक घराबाहेर धावले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकांजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरले नाही, मग फोटो आणि कागद कुठले? ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेकाठी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेकाठी माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या घरांत पाणी शिरले. भिजलेले धान्य पुन्हा भरता येते. भिजलेला एकुलता फोटो पुन्हा काढता येत नाही.

कपाटात काय ठेवले

फोटोंनंतर आम्ही लोखंडी पेटी उघडली. अब्बांचे ग्राफ मोठे आहेत, ते घरच्या स्कॅनरवर मावेनात. दोन-तीन तुकड्यांत स्कॅन करून ठेवले, आणि मूळ कागद पुन्हा पेटीत, आता आम्लविरहित कागदात गुंडाळून. स्कॅन झाले म्हणून मूळ फेकायचे नाही.

मग कागदपत्रे. निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले, घराचे खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, पण दस्ताचा क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचे नाव त्यातून मिळते, आणि त्यावरून नोंदणी कार्यालयात प्रमाणित नकलेसाठी अर्ज करता येतो. ज्यांचे मूळ घर नळदुर्ग-तुळजापूरकडचे, त्यांच्याकडे निजामाच्या राज्यातले उर्दू कागद असतात, काहींकडे मोडीतले. ते वाचणारे वडीलधारे आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या, मोबाइलवर आवाज मुद्रित करा, आणि तो आवाज त्या कागदाच्या स्कॅनशेजारीच ठेवा.

कॅसेटी घाईने उतरवा. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. लग्नाची व्हीएचएस कॅसेट घरात असेल, पण ती चालवणारे यंत्र दर वर्षी दुर्मिळ होत जाणार. साध्या ध्वनिकॅसेटींचे सोपे आहे. चालू टेपरेकॉर्डर, एक वायर, आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

फोल्डरची नावे साधी ठेवा, सुरुवात वर्षाने करा: ‘२०१३-हज-अम्मी-अब्बा’. नाव असे द्या की वीस वर्षांनी नातवालाही कळावे. ‘नवे’, ‘नवे-२’, ‘शेवटचे’, ‘खरे शेवटचे’ अशा नावांनीच माझ्या हातून ते फोल्डर गेले होते. आणि नातेवाइकांकडून जुने फोटो मागवताना ते व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधे पाठवले तर त्यांचा दर्जा उतरतो.

दार कुणाला उघडे?

घरच्या सर्व्हरला इंटरनेटवर थेट दार उघडून देऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या टोळीने इंटरनेटवर उघड्या असलेल्या हजारो नॅस पेट्यांतल्या फाइलींना कुलूप घातले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली. पुण्याहून फोटो पाहायला भाईजान टेलस्केल वापरतो. त्यातून फक्त आमच्या ओळखीची उपकरणे एकमेकांशी बंद मार्गाने जोडली जातात. सर्व्हरच्या प्रणालीत सुधारणा आली की ती लावायची, पासवर्ड लांब ठेवायचा, आणि घरातल्या प्रत्येकाला मालकाचे अधिकार द्यायचे नाहीत. मला स्वतःलाही नाहीत, रोजच्या वापराच्या खात्यात.

शेवटची वस्तू पन्नास रुपयांची एक वही. तिच्यात सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड, बाहेरच्या डिस्कचे कुलूप कसे उघडायचे, कुठली डिस्क कुठे आहे, आणि सर्व्हर शिस्तीत बंद कसा करायचा, हे मराठीत आणि उर्दूत हाताने लिहिले आहे. अम्मीच्या कपाटात एक प्रत, भाईजानकडे दुसरी. भाचा उद्या नोकरीला बाहेर जाईल, मी कायम असेन असे नाही. ज्याला एकच माणूस उघडू शकतो ते कपाट अर्धे हरवलेलेच असते.

दर तीन महिन्यांनी एका शुक्रवारी, जुम्म्याहून मुले परतली की, आम्ही एक खेळ खेळतो. वहीत पाहून, भाच्याची मदत न घेता, घरातल्या कुणी तरी बाहेरच्या डिस्कवरून एक ठरवलेली वस्तू शोधून उघडून दाखवायची. जी नक्कल कधी उघडूनच पाहिली नाही ती आहे की नाही, कसे कळणार? गेल्या वेळी अम्मीची पाळी होती. तिने चष्मा लावला, वही मांडीवर घेतली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा अब्बांचा सहा मिनिटांचा तुकडा लावला. मोराच्या पिसाऱ्यापाशी तो तुटतो. पुढचे अम्मी तोंडाने सांगू लागली, कारण तिने ते काम चाळीस वर्षे शेजारी बसून पाहिले होते. भाच्याने गुपचूप मोबाइल चालू केला.

ते ध्वनिमुद्रण आता चार ठिकाणी आहे.

सर्व्हर सगळ्यांना जमेल, परवडेल असे नाही. पण आज रात्री जेवणानंतर घरात एवढे तरी विचारा: आपल्याकडे अशी कोणती गोष्ट आहे, जी फक्त एकाच ठिकाणी आहे? जिचे नाव पहिले निघेल तिची उद्या एक नक्कल काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.